तिसऱ्या रांगेतला कोट

शरयूबाई कोर्लेकर धुळ्यात एकदाच गायल्या. शहाऐंशी सालचा जानेवारी, रविवारची सकाळ, एका शाळेचं सभागृह. खुर्च्या दोनशे चाळीस. मागे उभे राहिलेले आणि खिडक्यांना लटकलेले धरले तरी माणूस तीनशेच्या पुढे जात नाही. बाईंनी टेप लावू दिला नाही. त्यानंतर त्या कुठेच जाहीर गायल्या नाहीत आणि दोन वर्षांनी वारल्या. आणि त्या वारल्या त्या दिवसापासून ऐकणाऱ्यांची संख्या वाढायला लागली.

लग्नात म्हणा, दशक्रियेला म्हणा, खानदेशात कुणाशीही बोला, तो त्या दिवशी तिथे होता. पारोळ्याच्या एका गृहस्थांचा जन्म सत्त्याऐंशीचा, पण त्यांचंही म्हणणं असं, की आमचे वडील गेले होते, म्हणजे तसा मीही होतोच. बाई काय गायल्या, यावर मात्र आजपर्यंत दोन माणसांचं जुळलेलं नाही. तोडी म्हणणारे आहेत, ललत म्हणणारे आहेत, आणि एक निवृत्त फौजदार छातीवर हात ठेवून सांगतात की दीड तास नुसती भैरवी चालू होती. एवढी माणसं एकाच वेळी खरं बोलत असतील तर ते सभागृह रेल्वेच्या यार्डाएवढं असायला हवं.

या गर्दीत जळगावच्या प्रेमराज नाना पाटलांचा मान वेगळा होता. ते तिथे नव्हते. आपण नव्हतो असं उघड सांगणारा उभ्या खानदेशात हा एकच माणूस. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला समाजात काही किंमत राहत नाही, पण नानांना या एका हळहळीवर चार ठिकाणी खुर्ची मिळायची. संगीताचं काही असलं की कुणीतरी म्हणायचंच, "नाना, तुमचं ते चुकलेलं सांगा ना." मग नाना चष्मा पुसून पाऊण तास चुकलेलं सांगायचे.

ते असं. खुर्च्यांना नंबर नव्हते, येईल त्याने बसावं असा मामला. आता एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली झाली, हा आपल्याकडचा कायदा. नानांनी विचार केला, बाईंच्या मैफलीला रुमाल हलका पडेल. म्हणून त्यांनी आपला लग्नातला राखाडी कोट शिंदखेड्याच्या अभिमन या मित्राजवळ आदल्या दिवशीच दिला. अभिमनने सकाळी लवकर जाऊन तो तिसऱ्या रांगेत खुर्चीवर टाकायचा, नाना मागून पहिल्या गाडीने येणार. पहाटे नाना जळगाव स्टँडवर धुळ्याच्या गाडीत एक पाय ठेवतात, तोच रावेरहून निरोप. माहेरी बाळंतपणाला गेलेल्या सुलक्षणाबाईंना तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. नानांनी पाय खाली घेतला. कोट धुळ्याला, नाना रावेरला. दुपारी सारिका झाली आणि बाईंचं गाणं कायमचं राहिलं.

तेव्हापासून लेकीच्या वाढदिवसाला घरात केक आणि सुस्कारा दोन्ही असायचं. "हिच्यापायी शरयूबाई गेल्या," असं नाना मेणबत्त्या विझता विझता म्हणायचे. सारिकाला लहानपणी बरीच वर्षं वाटायचं की आपल्यामुळे कुणीतरी बाई मेली आहे.

कोट आठवड्याने परत आला. खांद्यात जरा सैल झाला होता. सुलक्षणाबाई म्हणाल्या, तुम्हीच वाळलात. पुढे तो त्यांनी भांडीवालीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. कारण परत आल्यापासून नाना तो एकदाही घालायला तयार नव्हते. का, ते त्यांना सांगता आलं नाही. काखेत दुसऱ्याचा घाम लागल्यासारखं वाटतं, एवढंच म्हणाले.

तर आता त्या मैफलीला चाळीस वर्षं झाली म्हणून धुळ्याच्या एका मंडळाने सोहळा काढला. प्रदर्शन, पुस्तिका आणि हयात श्रोत्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. मंडळाचा सचिव भूपेंद्र हा फ्लेक्स छापण्याच्या धंद्यातला तरुण, कामाला वाघ. त्याचा नानांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: "आपण सदर मैफलीस उपस्थित असल्याचे निष्पन्न झाले आहे. सत्कारासाठी यावे." सोबत एक फोटो.

काळा-पांढरा फोटो. व्यासपीठावरून श्रोत्यांचा काढलेला. नानांनी तो बोटांनी मोठा केला. तिसरी रांग, उजवीकडून दुसरी खुर्ची. राखाडी कोट. कोटाच्या वर मान, मानेवर तोंड. तोंड थोडं हललेलं, म्हणून पुसट. पण कान स्वच्छ आले होते. पाटलांचे कान अख्ख्या भावकीत लपत नाहीत.

नानांनी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने उचलून पाहिला. तो माणूस तिथेच होता.

सुलक्षणाबाईंनी वाचायचा चष्मा लावून फोटो पाहिला. मग लांबचा लावून पाहिला.

"हे तुम्ही."

"अगं, मी कसा असेन? मी तुझ्यापाशी होतो ना रावेरला!"

"होता का?"

हे दोन शब्द त्यांनी इतके शांतपणे विचारले की नानांना घाम फुटला. चाळीस वर्षांच्या संसारात भांडी आपटलेली ऐकू आली की नाना निर्धास्त असत. ही शांतता नवी होती.

"माझी शुद्ध जात-येत होती," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "कुणीतरी जवळ होतं एवढं आठवतं. तोंड आठवत नाही. आई तर रक्त बघूनच पडली होती, आणि आता ती नाही. नर्सबाई नाहीत. तुम्ही होता, असं तुम्हीच सांगता."

"मग मी खोटं बोलतो?"

"ते मला काय माहीत? बाईंच्या साडीचे काठ कसे होते ते तुम्ही सांगता. तानपुऱ्याची गवसणी कुठल्या रंगाची होती ते सांगता. त्या मैफलीबद्दल जेवढं बोललात, त्याच्या मूठभर तरी कधी दवाखान्याबद्दल बोललात? माणूस जिथं असतो तिथलं बोलतो."

आणि त्या उठून गव्हाला ऊन दाखवायला गच्चीवर गेल्या. साडीचे काठ आणि गवसणी हे सगळं आपण लोकांकडून विचारून विचारून गोळा केलं, हे सांगायला नाना जिन्यापर्यंत गेले. पण गुडघ्याने साथ दिली नाही, आणि खरं तर तोंडानेही.

शेजारचे रुपचंदभाऊ भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातला प्रत्येक वाद हा मोजणीचा वाद असतो.

"नाना, घाबरायचं नाही. तुम्ही रावेरला होता याचा उतारा काढायचा. माझा साडू आहे तिथे."

साडूने नगरपालिकेत चौकशी केली. जन्माची नोंद मिळाली. बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, सगळं होतं. नोंद मात्र मंगळवारची, आणि बाप रविवारी हजर होता का, असा रकानाच नव्हता. तिथल्या बाबूने साडूला सुनावलं, की आम्ही जन्म बाळाचा नोंदवतो, बापाचा नाही. नानांनी जिल्हा परिषदेत स्वतःची जुनी हजेरी पाहता येईल का म्हणून विचारलं. तर तो रविवार, सुट्टी. सरकारी दप्तराच्या हिशेबी त्या दिवशी प्रेमराज पाटील कुठेच नव्हते.

"मग धुळ्याला जा आणि त्यांच्या यादीतून नाव कमी करून आणा," रुपचंदभाऊ म्हणाले. "हरकत घ्या. लेखी."

घरात तीन दिवस बोलणं फक्त गॅसच्या नंबराचं आणि पाण्याच्या वेळेचं झालं होतं. चौथ्या दिवशी नाना लेखी हरकत घेऊन धुळ्याला निघाले.

शाळेच्या फाटकाशी पुना नावाचा म्हातारा शिपाई स्टुलावर बसला होता. नानांना पाहून तो उठला आणि त्यांच्या मागे कुणी आहे का ते वाकून बघायला लागला.

"नाना, तुम्ही तर आत्तेच मझार गयात ना?"

"मी? आत? मी आत्ता बसमधून उतरतोय."

"मंग मझार कोन गये?" पुना म्हणाला, आणि स्टूल उचलून उन्हात जाऊन बसला.

सभागृहात दुपारी बाराच्या उन्हातसुद्धा दिवे लावलेले होते. भूपेंद्रने हौसेने शाळेच्या अडगळीतून त्याच लोखंडी खुर्च्या शोधून काढून, रंगवून, फोटोबरहुकूम मांडल्या होत्या. दोनशे चाळीस खुर्च्या रिकाम्या व्यासपीठाकडे तोंड करून बसलेल्या. भिंतीवर तो फोटो दाराएवढा मोठा करून लावलेला. फोटोतली माणसं आणि समोरच्या खुर्च्या एकमेकांकडे बघत होत्या, आणि मधून चालताना आपण कुणाचं तरी गाणं अडवतोय असं वाटून नाना नकळत वाकून चालले.

"या नाना! मानकरी!" भूपेंद्र धावत आला. "अकराशे तीस अर्ज आले बघा. मी प्रत्येकाला दोन साक्षीदार मागितले, तिथं हजार गळाले. तुम्ही तर अर्जच केला नाही आणि तुमच्यासाठी अकरा जणांनी न मागता लिहून दिलं."

"मला नाव काढायचं आहे."

भूपेंद्रने हरकतीचा कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "नाव घालायचा अर्ज आहे नाना. काढायचा नाही छापला. असं कुणी येईल असं वाटलंच नाही. आणि पुस्तिका उद्या छपाईला जातेय. तुम्ही विचार करा, मी संध्याकाळी सातला फोन करतो. काढा म्हणालात तर काढतो."

नानांनी ती अकरा पत्रं वाचायला घेतली. 'प्रेमराज पाटील तिसऱ्या रांगेत माझ्या पुढेच होते. मध्यंतरात सगळे चहाला उठले, ते उठले नाहीत.' 'मी पानाचं तबक पुढे केलं, त्यांनी नुसती मान हलवली. हात कोटाच्या बाह्यांतून बाहेर काढले नाहीत.' 'थंडी होती. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. यांच्या तोंडातून निघत नव्हती, असं मला वाटलं. पण मी लांब होतो.' आणि शेवटचं, एका तबलजींचं: 'संपूर्ण मैफलीत त्यांनी एकदाही दाद दिली नाही.'

नाना इथपर्यंत गार पडत आले होते. पण हे वाचल्यावर ते तापले.

"मी दाद दिली नाही? शरयूबाईंना? मी काय दगड आहे?"

"म्हणजे होता ना तुम्ही?" भूपेंद्रने आशेने विचारलं.

तेवढ्यात दारातून काठी टेकत अभिमन आला. दोघं पूर्वी वर्षाला एकदा तरी भेटायचे, पण त्या मैफलीचा विषय निघाला की अभिमन तंबाखू मळायला लागायचा. नानांना वाटे, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून.

"अभिमन, तू सांग याला. माझा कोट होता खुर्चीवर. फक्त कोट!"

अभिमनने आधी भूपेंद्रकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. "आते सांगाले हरकत नही, पोरगी चाळीसनी व्हई गयी," तो म्हणाला. "कोट मीच टाका खुर्चीवर. मंग भाईर ईसन तुनी वाट देखी. तू काई उना नही. गानं सुरू व्हयनं म्हनीसन मझार गऊ, ते तू कोट घालीसन बठेल."

"मी?"

"तू. मी हाक मारी. तू वळीसन दखंच नही. माले राग उना, पन मी म्हंत जाऊ दे. बायको तिकडे बाळंत व्हई राहिनी आनि हाऊ आठे गानं ऐकी राहिना, म्हनीसन लपाडी राहिना व्हई. गावमा बठ्ठासले मी सांगी ठेवं, प्रेमराज म्हनी मी नव्हतो, ते आपन बी म्हनानं नव्हता."

म्हणजे हे असं होतं. सगळं धुळं चाळीस वर्षं नानांची अब्रू झाकून बसलं होतं. नाना चष्मा पुसून चुकलेल्या मैफलीची हळहळ सांगायचे, आणि समोरची माणसं खाली बघून मनात म्हणायची, बिचारा, बायकोला किती भितो! नानांना आजवर जेवढे मान हलवणारे, डोळे पुसणारे, पाठीवरून हात फिरवणारे श्रोते मिळाले, ते सगळे त्यांना एकदम नव्याने आठवले.

"आणि मग? गाणं संपल्यावर?"

"बठ्ठा उठनात. गर्दीमा तू कोठे गया, माहीत नही. कोट खुर्चीवरच व्हता." अभिमनने काठीची मूठ चोळली. "मी उचला. गरम व्हता रे, प्रेमराज."

भूपेंद्रला यातलं गांभीर्य कळलं नाही. तो पुस्तिकेचा माणूस. "नाना, त्याच खुर्चीवर बसा ना, एक फोटो घेतो. तिला मी मुद्दाम नंबर घातलाय."

नानांना बसायचं नव्हतं. पण हेडक्लार्कची सवय, कुणी कागदपत्रासाठी म्हटलं की शरीर आपोआप सहकार्य करतं. ते तिसऱ्या रांगेत शिरले, उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर टेकले, आणि लगेच उठले.

खुर्ची उबदार होती. कुणीतरी बराच वेळ बसून, नाना रांगेत शिरताना सौजन्याने उठून गेल्यासारखी. ऊन आलं असेल म्हणून त्यांनी त्या बाजूला पाहिलं. त्या बाजूला खिडकी नव्हती. शेजारच्या खुर्चीला हात लावला. लोखंड जानेवारीत असावं तसं थंडगार.

"हललात नाना, परत एक घेतो," भूपेंद्र म्हणाला.

नाना हरकतीचा कागद तिथेच टाकून चालू लागले. फाटकाशी पुनाने विचारलं, "आते तुम्ही गयात का ते गयात?" ते नानांनाही सांगता आलं नसतं.

एसटीत एरंडोलपर्यंत त्यांनी खूप विचार केला. तिथे बसलेला माणूस कोण, हा प्रश्न हळूहळू मागे पडत गेला. तो कोणीही असो, त्याने मैफल ऐकली, संपली, गेला. नानांना भीती दुसरीच वाटत होती. अकरा माणसं आणि एक फोटो सांगत होता की ते धुळ्याला होते. रावेरला होते असं सांगणारं कुणी नव्हतं. आपण खरोखर होतो ना? आणि हे घरी जाऊन कशाच्या जोरावर सांगायचं? तिने नाही म्हटलं, तर त्या दिवशी तिच्याजवळ कुणीच नव्हतं असं होईल. चाळीस वर्षांनी ती त्या खाटेवर एकटी पडेल.

घरी पोचले तेव्हा सुलक्षणाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. नानांनी चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न पिता समोर बसले.

"काय ठरलं?"

"ते म्हणतात, मी होतो."

"आणि तुम्ही?"

नानांनी मेथीची एक काडी उचलली. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात शरयूबाई आल्या नाहीत.

"डॉक्टरबाई सावद्याला लग्नाला गेल्या होत्या. नर्स एकटी. तुझी आई पडली, तिला बाहेर बाकावर निजवली. नर्स मला म्हणाली, पाहुणे, इथं बसा, हिला झोपू देऊ नका. समोर केळीचा ट्रक भरत होते. एक माणूस घड मोजत होता, मोठ्याने. मी त्याच्याबरोबर मोजायला लागलो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं. एकशे अठरापर्यंत मोजले. मग तू माझा अंगठा धरलास. हात नाही, अंगठा. तुझी बांगडी फुटून माझ्या मनगटात गेली. नर्स बाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाली, दोघांतलं एक वाचलं तरी देवाची कृपा. मला ऐकू आलं. तुला आलं का माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

सुलक्षणाबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"मी घाबरलो होतो गं. इतका, की नंतर ते तोंडातून काढवेना. लोक विचारायचे त्या दिवशी काय झालं, तर मी म्हणायचो, गाणं चुकलं. ते सांगायला सोपं होतं."

शेजारी रुपचंदभाऊंच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"अंगठाच होता," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, अंगठा कोण धरेल, आपल्यालाच भास झाला असेल."

नानांनी इतका मोठा श्वास सोडला की मेथीची पानं हलली.

"पण एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही एक गोष्ट विसरलात. तुम्ही गात होता."

"मी?" नानांना गणपतीची आरतीही सुरात येत नव्हती, मंडळात त्यांना टाळसुद्धा देत नसत.

"दोन तास. हळू, माझ्या कानाशी. मी त्याच्याच आधाराने जागी राहिले. कळ आली की सूर वर जायचा, आणि कळ गेली की खाली येऊन थांबायचा. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण तुम्ही नंतर कधीच गायला नाहीत. म्हटलं लाजत असाल."

"मी नाही गायलो, सुलक्षणा. मी घड मोजत होतो."

सुलक्षणाबाईंनी मेथीची परात बाजूला सरकवली, डोळे मिटले आणि आठवून आठवून गुणगुणायला सुरुवात केली. त्या जन्मात कधी गाणं शिकल्या नव्हत्या. पहिला सूर लागला तो खालचा, खोल, आणि तो लागल्याबरोबर नानांच्या मानेवरचे केस उभे राहिले. हा ललत नव्हता, ही भैरवी नव्हती, अकराशे माणसांनी सांगितलेल्यांपैकी एकही राग नव्हता. चीज सावकाश उलगडत गेली, एका जागी थबकली, तिथून अशी काही वळली की नानांच्या तोंडून आपसूक 'वाहवा' निघून गेलं.

सात वाजले. नानांचा फोन वाजायला लागला. पडद्यावर भूपेंद्रचं नाव. सुलक्षणाबाई थांबल्या नाहीत. त्या थांबू शकत होत्या असंही वाटत नव्हतं. नानांनी फोन कानाला लावला आणि तोंडावर हात धरून कुजबुजले, "नंतर कर रे बाबा. मैफल चालू आहे."